पुढचं डावं चाक

घर भाड्याने देताना लोक काय काय विचारतात. नवरा कुठे कामाला आहे, मांस-मच्छी करता का, पाहुण्यारावळ्यांचा राबता कितपत. आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, "गाडी आहे ना? मग एकदा बाहेर न्या आणि परत आत आणा."

नवऱ्याला वाटलं, पार्किंगची जागा पुरते का ते बघायचं असेल. त्याने आमची सेकंडहँड गाडी कोपऱ्यापर्यंत नेली आणि आणली. घरमालक काका गेटच्या खांबाला टेकून डोळे मिटून उभे होते. गाडी आत आली, बंद झाली, तरी डोळे उघडेनात. मला वाटलं डुलकी लागली. मग ते म्हणाले, "चाकं बरी ठेवलीत. एक तारखेपासून या राहायला." मागून काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाण्याची वेळ सांगितली का यांनी? नसेलच सांगितली. या, आत बसा."

अशा रीतीने निव्वळ चाकांच्या चारित्र्यावर आम्हाला नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या त्या कॉलनीत वरचा मजला मिळाला. नवऱ्याला अंबडची कंपनी जवळ पडत होती आणि मला माझी शाळा. मी शाळेत इतिहास शिकवते. पानिपतावर मी तासभर बोलू शकते, पण चाकाच्या आत काय असतं याचा विचार मी त्या घरात जाईपर्यंत कधी केला नव्हता. त्या घरात गेल्यावर दुसरा विचार करायची सोयच उरली नाही.

काकांची सगळी नोकरी ओझरला, विमानांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात झाली होती. तिथे त्यांनी नेमकं काय काय तपासलं हे मला कधी नीट कळलं नाही, कारण सांगायला लागले की ते फिरून फिरून बेअरिंगवरच येत. चाक ज्या पोलादी गोळ्यांच्या कड्यावर फिरतं ते बेअरिंग. त्यातलं ग्रीस संपलं, गोळ्या झिजल्या, की चाक गुणगुणायला लागतं. आपण म्हणतो, "जाऊ दे, चालतेय ना गाडी." काकांच्या लेखी याहून मोठं पाप नव्हतं. "विमान काय बाजूला घेऊन उभं करता येतं का?" असं ते विचारत. समोरचा म्हणे, "पण काका, ही गाडी आहे." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "म्हणून काय तिला जीव नाही?"

संध्याकाळी ते गेटाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत. हातात पेपर असे, पण वाचत नसत. कॉलनीत शिरणारी प्रत्येक गाडी ते डोळे मिटून ऐकत आणि निकाल देत. निकालाची भाषाही ठरलेली होती, "तुमचं मागचं उजवं गेलं." एखाद्याच्या घरी जाऊन वडील गेल्याचं सांगावं, अशा आवाजात. पुढेपुढे तर ते माणसांना चाकांवरूनच ओळखू लागले. दात दुखतोय म्हणून मी डेंटिस्टकडे निघाले तर म्हणाले, "कोण, ते पुढचं उजवं? हात चांगला आहे त्याचा. गाडीची हेळसांड करतो, पण दाताची नाही करायचा."

नुसतं ऐकून त्यांचं समाधान होत नसे. शंका आली की मालकासकट गाडी बाहेर काढायची. रिंग रोडपलीकडे तेव्हा एक मोकळा, बिनवर्दळीचा रस्ता होता, तिथे न्यायची. काचा वर, एसी बंद, गाणी बंद, तोंडं बंद. मे महिना असला तरी. मग मालकाने गाडी वेगात घ्यायची आणि डावीकडे-उजवीकडे अशी झुलवायची. उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या चाकावर येतो. गुणगुण तेव्हा वाढली तर रोगी डावं, डावीकडे वळताना वाढली तर रोगी उजवं. "रस्ता बदलला की बदलतो तो टायरचा आवाज आणि वळण घेतलं की बदलतो तो बेअरिंगचा," असं ते शिकवत. लगेच पुढे म्हणत, "माणसाचंही तेच. सरळ रस्त्यावर सगळेच सज्जन." परत येईपर्यंत मालक घामाघूम झालेला असे आणि मागे कोणी बसलं असेल तर त्याला मळमळत असे. यावर उतारा म्हणून काका सगळ्यांना मिसळ खायला लावत. मळमळणाऱ्या माणसाला झणझणीत मिसळ हा उपचार मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही, पण लागू पडायचा.

हातोड्याचा त्यांना मनस्वी राग. एखादा मेकॅनिक बेअरिंग ठोकून बसवताना दिसला की ते रस्ता ओलांडून जात. "ठोकायचं नसतं बाबा, दाबायचं असतं. तुझ्या कानशिलावर कोणी ठोकलं तर?" द्वारका चौकाजवळ एक गॅरेजवाला होता, त्याच्याकडे बेअरिंग दाबून बसवायचं प्रेस यंत्र होतं. काका तिथे उभे राहून प्रत्येक बेअरिंगला प्रवचन देत. तो बिचारा लांबून काकांची गाडी दिसली की मावा थुंकून, हात धुऊन, शाळेतल्या पोरासारखा उभा राही.

नवं बेअरिंग खोक्यातून काढायचं ते अगदी शेवटच्या क्षणी. धूळ हा त्याचा शत्रू. घरात सगळ्यात कमी धूळ कुठे, तर स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, काकूंच्या पापडाच्या डब्याशेजारी. तिथे एक-दोन बेअरिंगं कायम पाहुणी असत. काकू मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी नाशिकसारखंच बोलायच्या, पण चिडल्या की माहेरची अहिराणी बाहेर यायची. पापड काढायला गेल्यावर हातात बेअरिंगचा जड खोका आला की त्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येई, "काय शे हे? पापडमा लोखंड!" काका शांतपणे म्हणत, "हळू ठेव. आपटू नकोस." त्यांना पापडाची फिकर असेल असं समजायचं कारण नव्हतं.

तोंडावर बोलण्याचा त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम चेअरमनच्या बाबतीत घडला. आमच्या कॉलनीच्या चेअरमननी नवीकोरी गाडी घेतली. बॉनेटवर झेंडूचा हार, स्टिअरिंगला लिंबू-मिरची, सगळी कॉलनी जमलेली. चेअरमन सफारी घालून पेढे वाटत होते. काकांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि बोट वर केलं. त्यांचं बोट वर गेलं की लहान मूलसुद्धा गप्प व्हायचं. गाडी तेव्हा चेअरमनचा भाऊ मागे घेत होता.

"मागचं उजवं," काका म्हणाले.

"काका, आज सकाळी शोरूममधून आणलीय," चेअरमन हसत म्हणाले.

"मग शोरूममधूनच गेलेलं आलंय."

हसू मावळलं. चेअरमन पुढे कितीतरी दिवस काकांशी बोलले नाहीत. गणपतीच्या मीटिंगमध्ये दोघं एकमेकांना तिसऱ्याच्या मार्फत निरोप द्यायचे, तो तिसरा दोघांच्या मधे बसलेला असे. पहिल्या सर्व्हिसिंगला मागचं उजवं बेअरिंग बदलून मिळालं, हे चेअरमननी कोणाला सांगितलं नाही. पण गाडी परत आत शिरली तेव्हा काका खुर्चीवर होतेच. ते उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती, पण चेअरमनचा चेहरा बघून जरा वाईटही वाटलं.

काकांची स्वतःची गाडी म्हणजे जुनी पांढरी हॅचबॅक. आठवड्यातून एकदा ती काकूंना घेऊन पंचवटीत जाई. भाजी, देवदर्शन आणि परत. कॉलनीत त्या गाडीचं उदाहरण दिलं जायचं. म्हणजे काकाच द्यायचे.

दिवाळी झाली आणि एक दिवस मला खालून हूंऽऽ असा आवाज ऐकू आला. मला वाटलं, कोणी मिक्सर लावलाय. गॅलरीतून बघितलं तर काकांची गाडी गेटातून आत येत होती. काका उतरले, वर बघून म्हणाले, "ऐकलंस? गाडी अशी आली पाहिजे. मांजरासारखी."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो दाढी करायचा थांबला होता.

पुढच्या आठवड्यात आवाज वाढला. आता गाडी वळणावर असतानाच घरात कळायचं की काका आले. सगळ्या कॉलनीला कळायचं. फक्त काकांना कळत नव्हतं. त्यांचे कान गेले होते. एकदम नाही, बोललेलं सगळं कळायचं, फोनवरही बोलायचे. पण तो खालचा, जाड, गुणगुणणारा आवाज, ज्याच्यावर त्यांनी आयुष्य काढलं, नेमका तेवढाच हरवला होता. ते अजूनही खुर्चीवर बसून डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. आता सगळ्याच गाड्या निर्दोष सुटायच्या. "हल्ली लोक सुधारले," असं ते मला कौतुकाने म्हणाले.

एक दिवस चेअरमननी मला गल्लीत गाठलं. मला वाटलं, आता हे खुशीत येणार. "मॅडम, त्यांना कोणी सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा की. तुमचा तर हक्क आहे."

चेअरमन चपलेने खडा इकडून तिकडे सारत राहिले. "नाही हो. माझ्याच्याने नाही व्हायचं," ते म्हणाले आणि निघून गेले.

असंच चाललं असतं, पण काकूंनी नातीसाठी बोललेला नवस फेडायचा निघाला. रविवारी सप्तशृंगी गडावर जायचं ठरलं, गाडीने, काका चालवणार. नांदुरीपासून वर घाट. घाटात वळणंच वळणं, आणि दर दुसऱ्या वळणाला सगळा भार त्या आजारी चाकावर. पूर्ण झिजलेलं बेअरिंग अडकलं किंवा चाक डगमगलं तर काय होतं हे काकांनीच मला इतक्या वेळा रंगवून सांगितलं होतं की मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी काकू वर आल्या. मेथीची जुडी घेऊन आल्या होत्या. निवडायला बसल्या आणि म्हणाल्या, "तुला येतो ना आवाज?"

"येतो, काकू."

"मलाही येतो. शेजारीच बसते ना मी. पार हाडांत जातो."

"मग सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं तर म्हणतील, तुला काय कळतं त्यातलं. लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय." मेथीची पानं काढून झालेली काडी परत परत सोलत होत्या. "आणि अगं, चाकाचं कळलं की कानाचंही कळणार. त्यांचं दुसरं आहे काय? ओझर सुटलं तेव्हा कोपऱ्यात बसून राहिले होते. या कानांनीच उठवलं त्यांना."

"पण म्हणून घाटात जायचं?"

"तेच तर म्हणतेय. तू मास्तरीण आहेस. पोरांना नापास झालेलं सांगतेस ना? तसं काहीतरी बघ."

शनिवारी सकाळी मी खाली गेले. काका गाडी पुसत होते. मी म्हणाले, "काका, मला शिकायचंय. कानाने मला काही कळत नाही. हाताने ओळखता येतं म्हणे?"

त्यांना केवढा आनंद झाला. "येतं तर! तुमची गाडी घे बाहेर."

"ती फर्स्ट शिफ्टला गेलीय. तुमची घेऊ ना."

"आमच्यात काय सापडणार तुला?" ते म्हणाले. मग स्वतःच विचार करून म्हणाले, "बरोबर आहे. निरोगी चाक हाताला कसं लागतं ते आधी कळलं पाहिजे."

त्यांनी जॅक लावला. चाकाच्या मागे जी मोठी स्प्रिंग असते तिच्यावर एक हात ठेवायचा आणि दुसऱ्याने चाक फिरवायचं. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून हाताला मुंग्या येतात. आधी पुढचं उजवं उचललं. मी हात ठेवला, त्यांनी चाक फिरवलं. काही नाही. "लोणी," काका म्हणाले. मग जॅक डावीकडे नेला.

"आता हेही तसंच लागेल बघ. आधी मी ठेवतो," म्हणून त्यांनी हात ठेवला आणि चाकाला झोका दिला.

चाक घरघरत फिरलं. काकांचा हात तिथेच राहिला. त्यांनी हात काढून फडक्याला पुसला, परत ठेवला, परत फिरवलं. मग खाली वाकून कान चाकाजवळ नेला आणि पुन्हा फिरवलं. चाक थांबेपर्यंत ते तसेच वाकून होते.

"तुला ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

मी फडक्याची घडी घालायला लागले.

"मास्तरीणबाई, खरं सांगा."

"येतंय, काका."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"तुला एकटीलाच?"

मी मान हलवली. "सगळ्यांना."

काका जमिनीवरच बसले. आता ओरडतील असं मला वाटलं, आणि ओरडले असते तर फार बरं झालं असतं. "चेअरमनलासुद्धा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि बोलला नाही तो? मी त्याचा पेढा तोंडात असताना बोललो होतो." ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत वर्गात कधी झालं नाही असं झालं, मला पुढचं वाक्य सुचेना.

सुचलं ते त्यांनाच. ते उठले, पँट झटकली आणि घराकडे तोंड करून ओरडले, "पापडाशेजारचा खोका काढ! पुढचं डावं गेलंय! उद्या जायचंय ना गडावर?"

मग जे झालं त्याला दुरुस्ती म्हणावं का तमाशा, मला कळत नाही. चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो, तो सुटता सुटेना. त्यासाठी चाक जमिनीवर टेकवून आत कोणीतरी ब्रेक दाबून धरायचा. ते काम काकूंना मिळालं. पान्याला लांब पाइप लावला आणि त्या पाइपवर उभं राहायचं काम मला. मी, इतिहासाची एम.ए., ओढणी कमरेला खोचून, पाइपवर उड्या मारत होते आणि काका सांगत होते, "टाचेवर भार दे, टाचेवर!" काकू आतून विचारत होत्या, "सोडू का?" आणि दोघं मिळून ओरडत होतो, "नाही!"

नट सुटला तेव्हा चेअरमन मॉर्निंग वॉकवरून येत होते. ते थबकले. एकदा आमच्याकडे आणि एकदा चाकाकडे बघून त्यांना सगळं कळलं.

"तुला ऐकू येत होतं म्हणे," काका म्हणाले.

"काका, पोरांच्या टीव्हीपुढे मला काय ऐकू येणार," चेअरमन म्हणाले. बाह्या दुमडून ते शेजारी उकिडवे बसले. "काय धरू सांगा."

काकांनी त्यांच्या हातात पाना दिला. पांढऱ्या ट्रॅकपँटला काळे डाग पडले, पण चेअरमननी तक्रार केली नाही.

चाकामागचा लोखंडी सांगाडा सुटला, तो गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन मी आणि काका रिक्षाने द्वारकेला गेलो. गॅरेजवाला नेहमीप्रमाणे हात धुऊन उभा राहिला. आज प्रवचन झालं नाही. जुनं बेअरिंग दाबून बाहेर काढलं, काकांनी ते बोटांत धरून फिरवलं. आत रवा सांडल्यासारखी खरखर लागत होती. नवं आत बसलं. गॅरेजवाला घाबरून मला हळूच म्हणाला, "मॅडम, काय चुकलं का माझं? आज काका लय शांत हायेत."

काकांना ते ऐकू गेलं. "तू चांगलं केलंस," ते म्हणाले. "इतकी वर्षं चांगलंच करतोयस." गॅरेजवाल्याला यावर काय करावं ते कळेना, म्हणून त्याने पुन्हा एकदा हात धुतले.

ऊन उतरता उतरता गाडी जुळली. आता रस्त्यावर नेऊन बघायची. मी पुढे बसायला गेले तर काका म्हणाले, "तू मागे. पुढे हिला बसू दे."

मोकळ्या रस्त्यावर आलो. काचा वर, एसी बंद. काकांनी वेग घेतला आणि गाडी उजवीकडे झुलवली, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. माझं जेवण वर येऊ पाहत होतं. इतर वेळी अशा प्रसंगी काका कोणाला विचारत नसत. दुसऱ्याने तपासलेलं ते स्वतः पुन्हा तपासत, ही कारखान्याची शिस्त. आज त्यांनी समोर बघतच विचारलं, "काय ऐकू येतं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या.

"नीट ऐक. परत वळवतो."

"नीटच ऐकतेय. काही नाही. साफ गेला आवाज."

"नक्की?"

"तुम्हाला खोटं वाटतंय का?"

काकांनी गाडी हळू केली, काचा खाली घेतल्या. "नाही," ते म्हणाले. "तू म्हणतेस ना, मग गेला. उद्या घाटात मधे मधे सांगत राहा."

परतीच्या वाटेवर फाट्याचा सिग्नल लागला. आमच्या डाव्या बाजूला एक कांद्याचा टेम्पो हळूहळू येऊन उभा राहिला. तो थांबेपर्यंत काकू मान तिरकी करून ऐकत होत्या. मग त्या काकांकडे वळल्या. "याचं गुणगुणतंय," त्या म्हणाल्या.

"कुठलं?"

काकूंनी क्षणभर डोळे मिटले. "पुढचं उजवं."

मी मागून बघत होते. काकांना काही ऐकू आलं नव्हतं. सिग्नल सुटायला आला होता. ते काकूंच्या पुढून खिडकीकडे वाकले आणि त्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाले, "अहो टेम्पोवाले! तुमचं पुढचं उजवं गेलं!"

ड्रायव्हरने खाली बघितलं. "कोन म्हनतं?"

काकांनी काकूंकडे बोट केलं. "ह्या म्हणतात."